वीज गेली तरी सापळा चालू राहावा : प्रकाश सापळ्यासाठी बॅटरीचा हिशेब

पूर्व विदर्भातील भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील धानाचा पट्टा राज्याच्या सीमेवर थांबत नाही. राजनांदगावमार्गे तो दुर्ग-भिलाई परिसरातील बोरसीपर्यंत आणि त्याही पुढे पसरलेला आहे. किडीही दोन्हीकडे सारख्याच. महाराष्ट्रात जिला गादमाशी म्हणतात, तीच छत्तीसगडमध्ये गंगई या नावाने ओळखली जाते. पिवळा खोडकिडा तर दोन्हीकडचा नेहमीचा शत्रू. या किडींचे प्रौढ रात्री प्रकाशाकडे आकर्षित होत असल्याने प्रकाश सापळा हे सर्वेक्षणाचे सोपे आणि विश्वासार्ह साधन ठरते. अडचण एवढीच की, सापळ्याची सर्वाधिक गरज पावसाळ्यात असते आणि वादळी पावसात वीज खंडित होण्याचे प्रमाणही तेव्हाच वाढते.

शून्य आणि ‘नोंद नाही’ यांतील फरक

समजा, एका सापळ्यात सात रात्रींत खोडकिड्याचे पतंग अनुक्रमे १२, १८, ३५, ०, ०, ६० आणि ४८ असे नोंदले गेले. चौथ्या व पाचव्या रात्री वीज नव्हती, तरी वहीत शून्य लिहिले गेले. सात रात्रींची सरासरी सुमारे २५ येते. प्रत्यक्षात दिवा पाचच रात्री लागला होता; त्या हिशेबाने सरासरी सुमारे ३५ आहे. याहून गंभीर बाब म्हणजे, सलग वाढत गेलेली पतंगांची लाट कागदावर मध्येच ओसरल्यासारखी दिसते.

या चुकीची किंमत शेतात मोजावी लागते. खोडकिड्याची अंडी साधारण ५ ते ८ दिवसांत उबतात. बाहेर पडलेली अळी लवकरच खोडात शिरते; मग गाभामर आणि पुढे पळींज दिसते. ट्रायकोग्रामा जापोनिकम हा परोपजीवी कीटक हेक्टरी ५० हजार या प्रमाणात सोडला जातो, पण तो केवळ अंड्यांवर उपजीविका करतो. पतंगांची वाढ दोन-तीन दिवस उशिरा लक्षात आली, तर त्याच्या उपयोगाचा बराचसा काळ निघून जातो. म्हणून सापळ्यासाठी पर्यायी वीज ही सोय नसून सर्वेक्षणाचाच भाग आहे.

भार लहान, तर बॅटरीही लहान

पारंपरिक पारायुक्त दिव्यास १०० वॅटहून अधिक वीज लागते. तो बॅटरीवर दीर्घकाळ चालविणे परवडत नाही. कीटकांना आकर्षित करण्यात दिव्याच्या वॅटपेक्षा प्रकाशाच्या तरंगलांबीचा वाटा मोठा असतो. त्यामुळे अतिनील किंवा निळसर प्रकाश देणारा ५ वॅटचा एलईडी दिवा सर्वेक्षणासाठी उपयुक्त ठरतो. मात्र दिवा बदलल्यास जुन्या व नव्या नोंदींची थेट तुलना करू नये. बदलाची तारीख वहीत अवश्य लिहावी.

असा दिवा सायंकाळी ६ ते रात्री ११ असा ५ तास चालविल्यास एका रात्रीला ५ × ५ = २५ वॅट-तास ऊर्जा लागते. रात्रभर दिवा लावल्यास मित्रकीटकही अधिक सापडतात, त्यामुळे टायमर लावणे दोन्ही दृष्टींनी हिताचे आहे.

बॅटरीचा हिशेब पुढीलप्रमाणे करावा.

१. ढगाळ हवामान व खंडित वीज गृहीत धरून तीन रात्रींची गरज : २५ × ३ = ७५ वॅट-तास.
२. तारा व नियंत्रकातील घट सुमारे १५ टक्के धरल्यास : ७५ ÷ ०.८५ = सुमारे ८८ वॅट-तास.
३. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. म्हणून १७६ वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे १५ अँपिअर-तास. जुनेपणासाठी २० टक्के जादा धरून १८ अँपिअर-तासाची बॅटरी घ्यावी.
४. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते. म्हणून ११० वॅट-तास, म्हणजे १२.८ व्होल्टला सुमारे ८.६ अँपिअर-तास. तेवढीच जादा क्षमता धरून १२ अँपिअर-तासाची बॅटरी पुरते.

सौर पॅनेलवर भारण करावयाचे असल्यास ३० वॅटचे पॅनेल निवडावे. पावसाळी दिवशी पूर्ण उन्हाचे जेमतेम दोन तास मिळाले असे धरले, तरी घट वजा जाता सुमारे ४२ वॅट-तास बॅटरीत जमा होतात. रात्रीची गरज भागून मागील तूट भरण्यास थोडी ऊर्जा उरते.

इन्व्हर्टरचा छुपा खर्च

घरच्या इन्व्हर्टरवर सापळा जोडण्याची पद्धत सर्रास आढळते. तथापि इन्व्हर्टर चालू राहण्यासाठी स्वतःच वीज घेतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून निम्मी, म्हणजे ९०० वॅट-तास ऊर्जा वापरली, तर ५ वॅटचा दिवा थेट जोडणीवर १८० तास चालेल. इन्व्हर्टर स्वतः १५ वॅट घेत असेल, तर एकूण भार २० वॅट होऊन तीच बॅटरी ४५ तासांतच संपेल. कमी वॅटच्या उपकरणासाठी १२ व्होल्ट डीसीवर चालणारा दिवा घेऊन तो नियंत्रकामार्फत बॅटरीला जोडणे, हाच काटकसरीचा मार्ग होय. स्वयंचलित हवामान केंद्र किंवा तापमान-आर्द्रता नोंदविणारे यंत्र यांनाही हेच तत्त्व लागू पडते. ट्रायकोकार्ड ठेवण्याच्या फ्रिजचा भार मात्र या बॅटरीवर टाकू नये.

मंद दिव्याची फसवी नोंद

बॅटरी उतरत गेली की साध्या जोडणीतील दिवा हळूहळू मंद होतो. अशा वेळी पतंग कमी सापडतात. कीड मात्र कमी झालेली नसते. यासाठी स्थिर विद्युतप्रवाह देणारा ड्रायव्हर असलेला दिवा घ्यावा. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेल्यावर दिवा पूर्ण बंद करणारा नियंत्रकही असावा. बंद दिवा सकाळी तपासता येतो. मंद दिवा लक्षात येत नाही.

निगा

• बॅटरीची पेटी सावलीत, जमिनीपासून उंच व हवेशीर असावी. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते.
• पॅनेलवरील धूळ, पक्ष्यांची विष्ठा व शेवाळ नियमित पुसावे.
• हंगाम संपल्यावर लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भारित करून ठेवावी व दरमहा पुन्हा भारित करावी. रिकामी ठेवल्यास तिच्या पट्ट्यांवर सल्फेट साचून ती निकामी होते.
• लिथियम बॅटरी निम्म्या भारावर, थंड जागी ठेवावी. तिचा व्होल्टेज बराच वेळ जवळपास स्थिर राहत असल्याने केवळ व्होल्टमीटरवरून शिल्लक ठरवू नये.
• हंगामापूर्वी सापळा सलग तीन रात्री भारणाविना चालवून पाहावा. तिसऱ्या रात्री दिवा वेळेआधी बंद पडल्यास बॅटरी बदलावी.

नोंदवहीत दोन रकाने वाढवावेत

पतंगांच्या संख्येशेजारी ‘दिवा किती तास लागला’ आणि ‘पाऊस / चंद्रप्रकाश’ असे दोन रकाने असावेत, कारण पौर्णिमेच्या सुमारासही सापळ्यातील संख्या घटते. दिवा लागला नाही त्या रात्री शून्य न लिहिता ‘नोंद नाही’ असे लिहावे आणि सरासरी काढताना ती रात्र वगळावी. दिवा अर्धवट वेळ लागला असल्यास तेवढे तास लिहून ती नोंद वेगळी दाखवावी. ज्या गावात बॅटरी अद्याप घेता आलेली नाही, तेथेही ही सुधारणा आजपासून, एक रुपयाही खर्च न करता करता येते. सापळ्यातील आकड्यांना शेतातील प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड द्यावी आणि फवारणीचा निर्णय आर्थिक नुकसानीची पातळी पाहूनच घ्यावा.