कोंबड्यांच्या खुराड्यास खिडकी कां असावी?

खंडाळा तालुक्यांत पावसाळ्यांत पश्चिमेचा वारा, वैशाखांत कडक ऊन व पौषांत बोचरी थंडी, असे तिन्ही ऋतु आपला जोर दाखवितात. तरी परसांतील खुराडें बहुधा ठेंगणें व दाराखेरीज एकही भोंक नसलेलें असतें. मुंगूस व रानमांजर ह्यांच्या भयानें तें तसें बांधितात, हें आम्ही जाणतों. परंतु चोरास बाहेर ठेवितांना आपण हवेसही बाहेर ठेवितों, हें ध्यानांत येत नाहीं.

एका हिवाळ्यांत आम्हीच ही चूक केली. थंडी बाधूं नये म्हणून गोणपाटानें प्रत्येक फट बुजविली. थोड्याच दिवसांत कोंबड्यांचे डोळे पाणावले, अंडीं कमी झालीं व दोन कोंबड्या दगावल्या. ज्या घरांत अंड्यांच्या पैशांवर मुलांच्या वह्या येतात, तेथें ही हानि लहान नव्हे.

कारण. कोंबडीच्या शरीराची उष्णता सुमारें ४१ अंश सेल्सिअस असते. तिला घाम येत नाहीं. चोंच उघडून धापा टाकून ती उष्णता बाहेर टाकिते, व श्वासाबरोबर वाफही पडते. तिचें मूत्र विष्ठेबरोबरच पडतें. ह्या ओलीमुळें विष्ठेंतून अमोनिया नांवाचा झोंबणारा वायु निघतो. तो डोळ्यांस व श्वासनलिकेस इजा करितो, आणि मग रोगास वाट मिळते. कोरडी थंडी कोंबडी पिसें फुलवून सोसते. कोंडलेली ओल तिला सोसत नाहीं.

उपाय. दहा कोंबड्यांस सहा फूट लांब, चार फूट रुंद व पांच फूट उंच खुराडें घ्यावें. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारचें ऊन आंत कमी येतें. पश्चिमेची भिंत बंद असावी. उत्तर व दक्षिण भिंतींत समोरासमोर, जमिनीपासून तीन फुटांवर खिडक्या ठेवाव्या. बसण्याची दांडी दीड फूट उंचीवर असावी, म्हणजे वारा कोंबड्यांच्या डोक्यांवरून जाईल. खिडकीस अर्ध्या इंचाची चौकोनी, पक्की जाळी ठोकावी. तींतून मुंगूस शिरत नाहीं, चिमण्याही येत नाहींत. पावसासाठीं वळचण दोन फूट पुढें काढावी. हिवाळ्यांत पडदा खालून वर बांधावा, परंतु वरची सहा इंच जागा उघडीच ठेवावी. ऊन हवा वर चढते, तिला तेथूनच वाट हवी. उन्हाळ्यांत पत्र्यावर उसाचें पाचट घालावें.

परीक्षा. पहांटे दार उघडण्यापूर्वीं आंत डोकें घालून श्वास घ्यावा. डोळे झोंबले किंवा पत्र्यास थेंब दिसले, तर हवा अपुरी आहे असें समजावें.

तथापि खिडकी म्हणजे लस नव्हे. राणीखेत रोगाची लस वेळेवर टोंचून घ्यावीच. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें कोंबड्यांत बर्ड फ्लू आला होता; म्हणून एकाएकीं पुष्कळ कोंबड्या मेल्या, तर त्यांस हात न लावितां पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें.

विचारासाठीं प्रश्न
१. आपल्या खुराड्यांत ऊन हवा कोठून बाहेर पडते?
२. दांडी व खिडकी ह्यांच्या उंचींत अंतर कां असावें?
३. ह्या आठवड्यांत आपण कोणती एक फट उघडूं शकतों?