नळाला पाणी आणि प्रायॉरिटी क्यू

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लिहायला बसले की घाम फुटतो. चुका पदरात घ्या! पण हा विषय मला लॅबमध्ये नाही, तर आमच्या गल्लीत कळला, म्हणून मराठीतच सांगते.

आपल्या शहराला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं आणि वर्षानुवर्षं ते काही दिवसांआडच मिळत आलंय. "नळ आले!" अशी हाक आली की आमच्या गल्लीतल्या सातही घरांच्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. (लाइनला मोटर लावणं नियमात बसत नाही, पण खरं तेच सांगते.) परिणाम? प्रेशर जायचं आणि कुणाचीच टाकी धड भरायची नाही.

शेवटी ठरलं, एका वेळी दोनच मोटारी. यालाच कन्करन्सी लिमिट म्हणतात. टाकी भरायला २० मिनिटं, पाणी तासभर. म्हणजे तीन फेऱ्यांत सहा घरं. मोटर लावून कुणी तिथे उभं राहत नाही, आपली कामं करतं आणि टाकी भरली की पुढच्या घराला हाक मारतं. झालं असिंक्रोनस टास्क! प्रोग्राममध्ये हे सांभाळायला सेमाफोर वापरतात. ही कल्पना डाइकस्ट्रा या डच शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली.

आता पुढचा नंबर कुणाचा? आईने वही केली. घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर १, मोठं कुटुंब २, बाकीचे ३. लहान आकडा आधी. हीच प्रायॉरिटी क्यू. ती बहुधा हीप वापरून बनवतात. हीप विल्यम्स यांनी १९६४ मध्ये मांडला. हजार टास्क असले तरी पुढचा टास्क काढायला साधारण दहाच पायऱ्या लागतात. मात्र दोघांचा आकडा सारखा असेल तर आधी आलेला आधी निघेलच, याची खात्री साधा हीप देत नाही. त्यासाठी प्रत्येक टास्कला टोकन नंबरही द्यावा.

मी हेच पायथनमध्ये लिहिलं. चाळीस फाइली डाउनलोड करायच्या, लिमिट ४. थोड्या वेळाने प्रोग्राम जागीच थांबला. एरर नाही, काही नाही! दोन दिवस डोकं खाल्लं. चूक अशी होती की चालू टास्कचा आकडा मी फक्त डाउनलोड यशस्वी झाल्यावरच कमी करत होते. चार डाउनलोड फेल झाले आणि चारही जागा कायमच्या अडल्या. म्हणजे मोटर जळाली, पण पुढच्याला हाकच मारली नाही! म्हणून जागा सोडण्याची ओळ नेहमी फायनली ब्लॉकमध्ये लिहा.

पण खरा धडा वेगळाच होता. गल्लीच्या टोकाला एक आजी एकट्या राहतात. "एकट्या बाईला पाणी कितीसं लागतं?" म्हणून त्यांना ३ नंबर, तोही सगळ्यात शेवटी. घरं सात, पाणी सहा घरांपुरतं. सलग तीन वेळा त्यांची टाकी कोरडी राहिली. त्या काही बोलल्या नाहीत, हंडा घेऊन आमच्या दारात आल्या. वहीतला एकही नियम मोडला नव्हता, तरी आजींवर अन्याय झाला होता! पुस्तकात याला स्टार्व्हेशन म्हणतात. परीक्षेत त्याची डेफिनिशन मी पाठ करून लिहिली होती, अर्थ त्या दिवशी कळला.

आईने वहीत एक ओळ वाढवली. ज्याचं पाणी हुकलं, त्याचा आकडा पुढच्या वेळी एकने कमी. पुस्तकी भाषेत हे एजिंग. आईला हा शब्द माहीत नाही.

तेव्हा मित्रांनो, क्यू लिहाल तेव्हा लिमिट सिस्टीमचं प्रेशर बघून ठरवा, प्रायॉरिटी गरज बघून द्या, आणि रांगेत शेवटी कोण उभं आहे, तेही एकदा मागे वळून बघा.