आजचा शब्द : मिटिगेट, म्हणजे झळ कमी करणे



आजचा इंग्रजी शब्द मुलांच्या पुस्तकात, बातम्यांत आणि सरकारी कागदांत नेहमी येतो : *मिटिगेट*. उच्चार मि-टि-गेट, जोर पहिल्या अक्षरावर. नाम होते *मिटिगेशन*.

*अर्थ :* लॅटिनमध्ये ‘मिटिस’ म्हणजे मऊ, सौम्य. त्यावरून मिटिगेट म्हणजे एखाद्या वाईट गोष्टीची तीव्रता सौम्य करणे, तिची झळ कमी करणे.

*तीन शब्दांतला फरक नीट लक्षात घेऊ या :*
▪ प्रिव्हेंट : होऊच न देणे
▪ एलिमिनेट : मुळापासून नाहीसे करणे
▪ मिटिगेट : नुकसान कमी करणे, पण थोडे उरतेच

हे ‘उरतेच’ विसरायचे नाही. तिथेच घात होतो.

आपल्याच भागातले पाहू. आदिलाबाद, जैनथ, बेला या पट्ट्यात वावरात पराटी. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, तिथेही पराटीच. 2017 च्या खरिपात तिथे फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी पराटी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येत होता.

आपण त्याला ‘औषध’ म्हणतो, पण आहे ते विषच. फवारणी बंद करणे प्रत्येकाला जमत नाही. मग धोका मिटिगेट कसा करायचा? पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा, चांगला मास्क. वाऱ्याच्या उलट दिशेने तोंड करून फवारायचे नाही. उपाशीपोटी नाही, भर उन्हात नाही. मनाने दोन-तीन औषधे एकत्र करायची नाहीत. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकायचे नाही.

नुसता रुमाल बांधला म्हणजे झाले, असे अजिबात नाही. ओला झालेला रुमाल तेच विष नाकाशी धरून ठेवतो. मास्क लावूनसुद्धा चक्कर, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी आली तर काम तिथेच थांबवायचे, कपडे बदलायचे, अंग साबणाने धुवायचे आणि औषधाची बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठायचा. हेसुद्धा मिटिगेशनच. काही उपाय आधी करायचे असतात, काही नंतर.

*हा शब्द आणखी कुठे भेटतो?* 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात ‘मिटिगेशन’ आहे : आपत्तीचा धोका व परिणाम कमी करणारे उपाय. कोर्टात शिक्षा सौम्य व्हावी म्हणून मांडलेल्या कारणांना ‘मिटिगेटिंग’ म्हणतात. हवामान बदलाच्या धड्यात मिटिगेशन म्हणजे तापमान वाढवणारे वायू कमी सोडणे.

*वापरताना होणारी चूक :* ‘मिटिगेट अगेन्स्ट’ लिहू नये. ‘अगेन्स्ट’ लागतो तो ‘मिलिटेट’ला. त्याचा अर्थ आड येणे, विरोधात जाणे. मिटिगेटच्या पुढे थेट ती गोष्ट येते : ‘मिटिगेट द रिस्क’, ‘मिटिगेट द डॅमेज’.

*घरचा अभ्यास :* मुलांनी या शब्दाची दोन वाक्ये करून आपल्या कुटुंबाच्या गटात टाकावीत. आणि घरात जो पंप पाठीवर घेतो, त्याला हा पाठ मोठ्याने वाचून दाखवावा. मजुरीने येणाऱ्यालाही. मास्क आणि हातमोजे त्याच्यासाठीही तेवढेच आणायचे. त्याच्याही घरी कोणी वाट पाहत असते.