अनोळखी जोडीदार आणि यंत्राचे शिक्षण

वर्षानुवर्षे एकाच जोडीदाराबरोबर, जोखडाच्या एकाच बाजूस चाललेला बैल बाजू बदलून नव्या सोबत्याशेजारी जुंपला, तर तो बिचकतो आणि तास वाकडे जाते, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. बैल वाईट नसतो; त्याची शिस्त एका सोबत्यापुरती असते.

स्वतः निर्णय घेणाऱ्या संगणकीय यंत्रांबाबत नेमका हाच प्रश्न २०१० मध्ये टेक्सास विद्यापीठाचे पीटर स्टोन व त्यांचे सहकारी यांनी मांडला. आधी काहीही ठरलेले नसताना यंत्राने अनोळखी सहकाऱ्यांबरोबर काम कसे करावे?

'हानाबी' या पत्त्यांच्या खेळात ही उणीव ठळकपणे दिसून आली. यात आपले पत्ते आपल्याला दिसत नाहीत, इतरांना दिसतात. मोजक्या सूचना देऊन सर्वांनी मिळून पाच रंगांचे पत्ते १ ते ५ या क्रमाने लावावयाचे. पूर्ण गुण २५. आपल्याच प्रतिकृतीबरोबर असंख्य डाव खेळून शिकलेले यंत्र २४ च्या आसपास गुण मिळविते. परंतु त्याच पद्धतीने, पण स्वतंत्रपणे शिकलेल्या यंत्राशी त्याची जोडी लावली, तेव्हा सरासरी ३ च्याही खाली घसरली, असे २०२० च्या एका अभ्यासात आढळले. एका जोडीत 'लाल' या सूचनेचा अर्थ नकळत 'पहिला पत्ता टाक' असा रूढ झालेला असेल, तर दुसरीत 'चौथा खेळ' असा. वर्गात हे दाखविणे सोपे आहे. मुलांच्या जोड्यांना न बोलता, केवळ खुणांनी पत्ते लावू द्यावेत आणि अर्ध्या तासाने जोड्या बदलाव्यात.

यावरील उपाय त्याच अभ्यासात आहे. सरावाच्या वेळी दोन्ही जोडीदारांपुढे रंगांची नावे परस्परांना न कळविता अदलाबदल केली. 'लाल' म्हणजे अमुक, असा खासगी संकेत मग टिकेनासा झाला. परक्यालाही उमगतील असेच संकेत उरले आणि अनोळखी जोड्यांचे गुण पुष्कळ वाढले. निरनिराळ्या सवयींचे अनेक जोडीदार देणे, हा दुसरा मार्ग. माणसाबरोबर काम करावयाचे असेल, तर माणसांच्या खेळाच्या नोंदींचा उपयोग होतो, हे बर्कले येथील संशोधकांनी २०१९ मध्ये स्वयंपाकघराच्या एका संगणकीय खेळातून दाखविले.

गावात अशा यंत्राचे प्रात्यक्षिक होईल, तेव्हा ते बहुधा उत्पादकाच्या सरावलेल्या माणसांबरोबरच होईल. पंचायत सदस्यांनी त्या वेळी यंत्र प्रथमच पाहणारे दोन-चार गावकरी पुढे करावेत आणि मगच कामाचे मोजमाप घ्यावे.