मांजर पडले, तर काय पाहावे?

'मांजर कुठूनही पडले तरी चार पायांवरच पडते, त्याला काही होत नाही,' असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. यातले पहिले वाक्य बरेचसे खरे आहे. दुसऱ्यावर विसंबू नये. नाशिकच्या जुन्या वाड्यांत माळ्यावरून किंवा नव्या वसाहतींत गॅलरीतून पडलेली, दारात शेपूट सापडलेली मांजरे मी नेहमी तपासतो. वरवर ती ठणठणीत दिसतात, कारण मांजर दुखणे लपवते.

न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेली बहुतेक मांजरे वाचली. पण बहुतेकांच्या छातीला मार होता. मोडलेला पाय दिसतो, छातीतला मार दिसत नाही.

म्हणून मांजराला लगेच उचलू नका. दारे-खिडक्या लावून दहा मिनिटे लांबून पाहा. दुखत असेल तर लाडके मांजरही चावते; धरताना जाड टॉवेल वापरा. चावलेच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

श्वास : शांत बसलेले मांजर मिनिटाला साधारण २० ते ३० श्वास घेते. श्वास ४० च्या वर गेले, तोंड उघडे राहिले किंवा पोट जोराने हलू लागले, तर थांबू नका.

हिरड्या : ओठ वर करून पाहा. गुलाबी हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी. पांढरी किंवा निळसर हिरडी हे धोक्याचे चिन्ह.

डोके व पाय : नाकातोंडातून रक्त येते का, बाहुल्या लहानमोठ्या आहेत का, हे पाहा. चारही पाय बोटांपासून वर हलकेच चाचपा. ओढू नका, घरी फळी बांधू नका.

शेपूट व लघवी : शेपटीच्या मुळाशी हिसका बसला, तर मूत्राशयाच्या नसाही दुखावतात. शेपूट लुळी पडली, तर वाट पाहू नका. इतर मांजरांच्या लघवीवर २४ तास लक्ष ठेवा. ती झाली नाही, रक्त पडले किंवा मांजर कुंथत राहिले, तर दवाखाना गाठा.

सर्वांत महत्त्वाचे : माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीराला पचवता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतते. चुकून दिली गेली असेल, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लवकर कळले तर उपाय करता येतो.

नेताना झाकणाची टोपली किंवा भोके पाडलेले खोके घ्या, तळाशी चादर घाला. सगळे ठीक वाटले, तरी एक दिवस मांजराला घरातच ठेवा. ते खाते, लघवी करते आणि नेहमीच्या जागी उडी मारते, एवढे दिसले की निश्चिंत व्हा.