ई-टपालातील तण



पावसाळा लागला की आपल्या बीड जिल्ह्यात कापसाच्या व सोयाबीनच्या रानात पिकासंगे तणही उगवते. ते कोणी पेरीत नाही, तरी खुरपे हाती घ्यावेच लागते. प्रभू येशूच्या दृष्टांतातील निदण तर गव्हासारखेच दिसे. म्हणून ते ओळखणे कठीण. आज मोबाईलवर येणाऱ्या ई-टपालाचीही हीच गत आहे. त्यात न मागता आलेल्या पत्रांस स्पॅम म्हणतात. त्यांची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू होय.

असे पहिले पत्र ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत निघाले, असे मानतात. संगणक विकणाऱ्या एका कंपनीच्या गॅरी थ्युर्क नामक गृहस्थाने सुमारे ४०० लोकांस एकदमच जाहिरात धाडली. अनेकांनी संताप व्यक्त केला. परंतु काही माल खपलाच! या एका गोष्टीत सर्व मर्म आहे. पोस्टकार्डास पैसे पडतात, म्हणून मनुष्य विचार करून लिहितो. ई-पत्र लाखो लोकांस धाडण्यास खर्च जवळजवळ नाही. त्यातील एकाने जरी उत्तर दिले, तरी धाडणाऱ्याचे साधते. सारांश, हे तण आपल्या उत्तरावरच पोसते.

या पत्रांचे दोन प्रकार आहेत. एक निव्वळ जाहिरातीचा. तो त्रासदायक खरा, पण फारसा घातक नव्हे. दुसरा प्रकार गळाला आमिष लावून मासा धरण्यासारखा आहे. त्यात बँक, सरकारी खाते किंवा नामांकित संस्था यांचे सोंग घेतलेले असते. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले होते. नॅसकॉम या संस्थेच्या नावाने ई-पत्रे धाडून लोकांची खाजगी माहिती गोळा करण्यात आली होती. त्या वेळी यासाठी स्वतंत्र कायदा नसताही न्यायालयाने हे कृत्य बेकायदेशीर मानले. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ ड आले. संगणकाच्या साहाय्याने सोंग घेऊन फसविणाऱ्यास त्यान्वये तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या एका विद्यार्थ्याचे आईबाप ऊसतोडीस गेले होते. तो आजीजवळ राहत असे. त्यास ई-पत्र आले, 'तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, ९९ रुपये शुल्क आजच भरा.' मुलगा हुशार, गरजही खरी. त्याने कार्डाचा क्रमांक दिला, मोबाईलवर आलेला ओटीपीही दिला. उचलीतून बापाने त्याच्या खात्यावर ठेवलेले चार हजार आठशे रुपये क्षणात गेले. भीतीने त्याने ही गोष्ट अकरा दिवस कोणास सांगितली नाही. शेवटी तो आमच्याकडे आला, तेव्हा आम्हीही प्रथम त्यास रागेच भरलो. याचे आम्हांस आजही वाईट वाटते. पैसे परत मिळाले नाहीत. विचार करता असे दिसते की, घाईने त्यास फसविले आणि लपविण्याने उरलीसुरली आशाही घालविली.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली : जे पत्र 'आजच', 'ताबडतोब' असे म्हणते, त्यास उत्तर देण्यापूर्वी वडील माणसास दाखवावे. अनोळखी स्पॅमला 'पाठवू नका' असेही कळवू नये. त्याने पत्ता चालू आहे हे त्यास कळते.

दुसरी : पत्रातील लिंक दाबू नये, संस्थेचा पत्ता स्वतः लिहून उघडावा. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपूर्वीचा शेवट पाहावा. सरकारी पत्ता बहुधा 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा संपतो. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' असा शेवट असलेले पत्ते घ्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. मध्येच ओळखीचे नाव दिसले म्हणून भुलू नये.

तिसरी : ओटीपी ही घराची किल्ली होय, ती कोणासही देऊ नये.

चौथी : नकोसे पत्र नुसते पुसून न टाकता 'स्पॅम' अशी खूण करावी. त्यावरून टपालाचे यंत्र तशी पत्रे ओळखण्यास शिकते. मात्र निदण उपटताना गहूही उपटला जातो, तसे कधी खरे पत्रही स्पॅमच्या कप्प्यात पडते. यास्तव परीक्षेच्या व प्रवेशाच्या दिवसांत तो कप्पा पाहत जावा.

पाचवी : पैसे गेलेच, तर त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. रक्कम पुढे काढली जाण्यापूर्वी कळले, तर ती अडविता येण्याचा संभव असतो. खातेदाराची चूक असली तरी बँकेस कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावयाचे, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात ठरविले होते. यावरून वेळेची किंमत ध्यानात येईल.

पालकांस आमची एक नम्र विनंती आहे. मूल फसले, तर प्रथम त्यास जवळ घ्या. फोन पहिला, बोल नंतर. तुमच्या रागाचे भय त्यास ठकापेक्षा मोठे वाटले, तर ते गप्प बसेल, आणि ठकास हवे असते ते हेच. मुलांनो, तुम्हीही लाज धरू नका. फसणे हे पाप नव्हे. फसविणे हे पाप होय.

रानातील खुरपणी एकट्याने उरकत नाही. सारे घर लागते. ही खुरपणीही आपण सर्वांनी मिळून करू या.