गोधडी विकायची, तर हिशेब आधी

गोधडी आपल्याला नवी नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची माणसं ऊसतोडीला निघाली की संसाराच्या बोचक्यात गोधडी असतेच. आता हीच गोधडी शहरातले लोक दिवाणावर, सोफ्यावर टाकायला घेतात. पण घरच्या गोधडीचा रंग गेला तर आपण चालवून घेतो, गिऱ्हाईक मात्र माल परत आणतं. म्हणून या गोष्टी ध्यानात ठेवा.

1. कापड ओळखा. सुती आणि पॉलिस्टर एकत्र घातलं, की धुतल्यावर सुती आटतं, पॉलिस्टर तसंच राहतं आणि गोधडीला चुण्या पडतात. ओळखायचं कसं? कापडाचा एक दोरा चिमट्यात धरून जाळा. सुती दोऱ्याला कागद जळल्यासारखा वास येतो, राख मऊ होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

2. आधी धुवा, मग कापा. नवं कापडसुद्धा भिजवून वाळवा. पांढरा ओला फडका त्यावर घासून बघा. फडक्याला रंग लागला, तर ते कापड बाजूला ठेवा.

3. शिवण. एकेरी पलंगासाठी साधारण 5 फूट बाय साडेसात फूट माप धरा. थर नीट ताणून अंथरा, मोठे कच्चे टाके घाला, मग कडेकडून आत धावदोरा घेत या. दोन ओळींतलं अंतर सारखं ठेवा.

4. सजावट. ठिगळं दोन-तीन रंगांतच बसवा, चारी बाजूंना एकाच रंगाचा गोट लावा. टिकल्या, मणी नकोत. ते अंगाला टोचतात, धुताना निघतात.

5. दर. समजा, कापड-दोऱ्याला 400 रुपये लागले आणि रोज 8 तास धरून 5 दिवस काम झालं. खुरपणीची मजुरी 300 रुपये धरली, तर 5 दिवसांचे 1500. म्हणजे गोधडी पडली 1900 रुपयांना. ती 1200 ला दिली, तर आपल्या हाती दिवसाला फक्त 160 रुपये आले! "घरबसल्या तर केलं" असं म्हणून आपली मजुरी सोडू नका. गटाचा वाटा आणि प्रवासखर्च वरून धरा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक तयार गोधडी आणि तिच्या कामाच्या तासांची नोंद आणावी. दर सगळ्या मिळून ठरवू, म्हणजे एकीने भाव पाडला असं व्हायचं नाही.